ऐकलेले, पारखलेले आणि स्वतः जाणलेले : आचार्य धर्मानंद कोसंबी यांची वाट

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये आम्ही तरुणांसोबत काम करतो. विहारात अभ्यासवर्ग घेतला की एक वाद हमखास निघतो. काही जण ध्यान शिबिरे करून आलेले असतात. त्यांचे म्हणणे असे की धम्म हा अनुभवाचा विषय आहे, वाचून आणि भाषणे ऐकून तो कळत नाही. दुसरे म्हणतात, बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धी वापरायला शिकवले. डोळे मिटून बसल्याने ना शिष्यवृत्ती वेळेवर मिळते, ना गावातला अत्याचार थांबतो. वाद तापतो. शेवटी ध्यानवाले एका बाजूला आणि मोर्चावाले दुसऱ्या बाजूला होतात. पुढच्या वर्गाला संख्या निम्मी होते.

या वादाच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. माणसाला खरे ज्ञान कशाने होते? दुसऱ्याने सांगितल्याने, तर्काने, की थेट अनुभवाने? आणि थेट अनुभवाने होत असेल, तर तो अनुभव खरा की मनाचा खेळ, हे कसे ठरवायचे? हा प्रश्न आयुष्यभर सोबत घेऊन फिरलेला एक मराठी माणूस आपल्या आधी होऊन गेला. आचार्य धर्मानंद कोसंबी. त्यांचे नाव आपल्यातल्या अनेकांनी ऐकलेले असते, आयुष्य मात्र फार थोड्यांना माहीत असते.

नारळाच्या बागेतून पुण्याकडे

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घर सारस्वत ब्राह्मणाचे, पण श्रीमंती नव्हती. प्रकृती तोळामासा. शाळा अर्धवट सुटली आणि घरची नारळाची बाग सांभाळण्याचे काम अंगावर आले. चौदा-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले. कॉलेजची पदवी त्यांना पुढेही कधी मिळाली नाही. ज्या माणसाने नंतर हार्वर्डमध्ये काम केले, त्याच्याकडे एकही पदवी नव्हती, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

त्या काळी ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे मराठी मासिक निघत असे. त्यातला बुद्धावरचा एक लेख धर्मानंदांच्या वाचनात आला. आपल्या चळवळीच्या इतिहासातही असेच एक वाचन आहे. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एकाच पिढीच्या अंतराने, दोन अगदी वेगळ्या घरांत, बुद्ध कागदावरून पोहोचला. कारण भारताच्या बहुतेक भागांत तो सांगणारी जिवंत माणसे उरली नव्हती.

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. थोरली मुलगी माणिक तेव्हा अवघी काही महिन्यांची होती. ते पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांकडे गेले. बौद्ध धम्म समजून घ्यायचा तर आधी संस्कृत यायला हवे, हे त्यांना कळले. मग ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला.

इथे आम्हाला एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सिद्धार्थाच्या गृहत्यागावर आपण भरपूर बोलतो, पण मागे राहिलेल्या बाईच्या कष्टावर फार कमी. धर्मानंदांच्या ज्ञानयात्रेची किंमत बाळाबाईंनीही मोजली. तान्हे मूल घेऊन सात वर्षे त्यांनी कशी काढली असतील, याचा अंदाज उसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या मागे घर चालवणाऱ्या आपल्याकडच्या बायांना चांगला आहे. १९०६ नंतर त्यांचा संसार पुन्हा जुळला, मुले झाली, पण ती सात वर्षे चरित्रातून पुसायची नाहीत.

बुद्ध शोधत पायपीट

१९०२ साली धर्मानंद नेपाळला गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूला, तर धम्म तिथे सापडेल अशी आशा होती. काठमांडूत जे दिसले त्याने निराशा झाली. बोधगया, कलकत्ता असे करत ते त्याच वर्षी श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली शिकले. पुढे ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेले, तिथे भिक्खू झाले, ध्यानाचा अभ्यास केला. मध्यंतरी भारतात येऊन सारनाथ, कुशीनगर असा बौद्ध स्थळांचा प्रवास केला. पुन्हा ब्रह्मदेशात गेले आणि १९०६ साली भारतात परत आले.

त्यांची वाट पाहिली तर तिच्यात एक क्रम दिसतो. आधी लेख वाचला, म्हणजे ऐकले. मग भाषा शिकून मूळ ग्रंथ वाचले, तपासले. आणि मग जाऊन पाहिले, बसून पाहिले. हा क्रम धम्मात नावानिशी सांगितलेला आहे. पाली परंपरा प्रज्ञेचे तीन प्रकार सांगते. दुसऱ्याकडून ऐकून किंवा वाचून आलेली ती श्रुतमय प्रज्ञा. स्वतःच्या विचाराने, तर्काने आलेली ती चिंतामय प्रज्ञा. आणि अभ्यासाने स्वतःत रुजलेली ती भावनामय प्रज्ञा. इथे भावना हा शब्द मराठीतल्या भावनेसारखा घ्यायचा नाही. पालीत भावना म्हणजे घडवणे, वाढवणे. आपल्या शेतीच्या भाषेत मशागत. तण काढणे, पाणी देणे, वाट पाहणे, हे सगळे त्यात आले. म्हणजे थेट ज्ञान ही आकाशातून पडलेली वीज नव्हे, ते मेहनतीचे पीक आहे.

ज्या ग्रंथात हे तीन प्रकार मांडले आहेत, त्याच ग्रंथाला धर्मानंदांनी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. तो ग्रंथ विसुद्धिमग्ग. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत अनुराधपूरला तो लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा असे त्याचे तीन भाग. अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने त्याची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती, पण १८९९ साली ते वारले. काम अर्धे राहिले. ते पुरे करण्यासाठी १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना बोलावले. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी कामाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पण काम सोडले नाही. पुढे आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. १९४० साली विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघाली. १९१० पासून मोजले तर चाळीस वर्षांचा हिशेब.

निसर्ग घडवतो, पण घडवणारा कोणी नाही

या ग्रंथातले काही ध्यानविषय पाहिले तर आश्चर्य वाटते. ध्यानासाठी चाळीस विषय सांगितले आहेत. त्यांत दहा कसिण आहेत आणि त्यांची सुरुवात पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांनी होते. मातीचा एक गोल करायचा आणि त्याच्याकडे मन लावून पाहायचे. भांड्यातले पाणी पाहायचे. जाळ पाहायचा. वारा पिकाच्या शेंड्यांवरून जातो तो पाहायचा. धर्मानंदांनी हे विषय ‘समाधिमार्ग’ या पुस्तकात मराठी वाचकासाठी सोपे करून मांडले. १९२५ साली हे पुस्तक निघाले, तेव्हा ध्यान म्हणजे हिमालयातल्या साधूंचे काम अशीच बहुतेकांची समजूत होती.

माती आणि पाणी पाहून काय कळते? सृष्टी ही एकदा करून ठेवलेली वस्तू नाही, ती दर क्षणाला होत असते. बी पडते, ओल मिळते, ऊब मिळते, कोंब येतो. यातले एक कारण काढून घ्या, कोंब येत नाही. कोणी बाहेरून फुंकर मारत नाही. हे होते म्हणून ते होते, हे नाही म्हणून ते नाही. हाच प्रतीत्यसमुत्पाद. पाली अट्ठकथांमध्ये ऋतूंचा नियम आणि बीजाचा नियम असे वेगवेगळे नियम सांगितले आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही ऋतुनियम आणि बीजनियम यांचा उल्लेख करून पुढचा प्रश्न विचारला आहे, की निसर्गाची व्यवस्था या नियमांनी चालते, तर मग समाजाची नैतिक व्यवस्था कोण सांभाळतो? त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. देव नाही, माणसाचे कर्म.

सोयाबीन पेरून पावसाकडे पाहणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला हे ग्रंथ न वाचताही कळते. एकच बियाणे, शेजारी शेजारी दोन रानांत वेगळे येते. निसर्ग घडवणारा आहे, हे आपल्या आयाबायांच्या हातांना माहीत असते. पण या जाणण्याला ज्ञान म्हणायची आपल्या समाजाची तयारी नव्हती. ज्ञान म्हणजे पोथीतले, आणि पोथी ठराविक जातींच्या घरात. हाताने, डोळ्यांनी, अंगाने आलेले जाणणे अडाणीपणात मोजले गेले. समाजशास्त्र शिकताना आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसले, की कोणाचे जाणणे ज्ञान ठरते हा सत्तेचा प्रश्न असतो.

युरोपातला तोच प्रश्न

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये बारूख स्पिनोझा नावाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. भिंगे घासून तो पोट भरत असे. त्यानेही ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले: ऐकीव आणि वरवरच्या अनुभवाचे, तर्काचे, आणि थेट उमगणारे. निसर्गाबाहेर बसलेला देव त्याने नाकारला आणि स्वतःच घडत जाणारा, घडवत जाणारा निसर्ग मांडला. १९०७ साली फ्रान्समध्ये आंरी बर्गसाँ यांचे सर्जनशील उत्क्रांतीवरचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे, की बुद्धी जीवनाचे तुकडे करून पाहते, सिनेमाच्या रिळातल्या एकेका चित्रासारखे, आणि त्यातून वाहतेपण निसटते. ते वाहतेपण अंतःप्रज्ञेने पकडावे लागते. पुढे लेनिनग्राडचे बौद्ध विद्येचे पंडित श्चेरबात्स्की यांनी बौद्धांच्या क्षणिकवादाची तुलना बर्गसाँच्या विचाराशी केली. १९२९ साली धर्मानंदही लेनिनग्राडला गेले होते.

तरी एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. बर्गसाँ सृष्टीच्या मागे एक जीवनप्रेरणा मानतात. बौद्ध विचार अशी लपलेली शक्ती मानत नाही. कारणे आणि त्यांची जुळणी पुरेशी आहे. आणि दुसरे, थेट ज्ञान झाले म्हणून कोणी माणूस प्रश्नांच्या वर जात नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण नेहमी सांगतो: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. पण त्याच यादीत केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका असे आहे, ते आपल्या भाषणांत बहुधा गळते. मग कसोटी कोणती? स्वतः जाणा, की यातून लोभ, द्वेष, मोह वाढतो की कमी होतो, लोकांचे अहित होते की हित, आणि समजदार माणसे याला काय म्हणतात. म्हणजे अनुभव हवाच, पण तो चारचौघांच्या उजेडात तपासलेला हवा. ध्यानवाल्यांना आणि मोर्चावाल्यांना, दोघांनाही हे सूत्र लागू आहे.

बुद्धाला जमिनीवर आणणारा चरित्रकार

धर्मानंदांनी हीच कसोटी बुद्धचरित्राला लावली. १९०८ च्या सुमारास ते कलकत्त्यात पाली शिकवत होते, पगार चांगला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून काम करायला दरमहा ५० रुपये देऊ केले. त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडून हे पन्नास रुपये घेतले, कारण त्यांना मराठी माणसांपर्यंत बुद्ध न्यायचा होता. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ आणि ‘बुद्धलीलासारसंग्रह’ ही पुस्तके त्यातून पुढे आली. १९१२ ते १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे मोठे अभ्यासक त्यांच्या वर्गातून घडले. १९२२ पासून काही वर्षे ते गुजरात विद्यापीठात होते.

१९४०-४१ मध्ये त्यांचे ‘भगवान बुद्ध’ दोन भागांत आले. त्यात त्यांनी जुन्यात जुनी सुत्ते वेगळी काढली आणि नंतरच्या कथा बाजूला ठेवल्या. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा जुन्या सुत्तांत विपस्सी बुद्धाची म्हणून येते, गोतमाची म्हणून नाही, हे त्यांनी दाखवले. शुद्धोदन मोठा सम्राट नव्हता. शाक्य शेती करणारे लोक होते. मज्झिम निकायात एक आठवण आहे. वडील कामात असताना लहान सिद्धार्थ जांभळाच्या झाडाच्या सावलीत बसला आणि त्याचे मन एकाग्र, शांत झाले. पुढे सहा वर्षे शरीर जाळून काहीच हाती लागले नाही, तेव्हा बोधिसत्त्वाला हीच आठवण आली आणि वाट सापडली. विचार करण्यासारखे आहे. कठोर तपाने जे मिळाले नाही, ते शेताच्या बांधावरच्या सावलीने सुचवले. निसर्गाने उत्तर दिले असे म्हणायचे नाही. भीती नसलेले, हाव नसलेले मन तिथे पहिल्यांदा अनुभवाला आले होते, एवढेच.

मग घर का सोडले? धर्मानंदांनी सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवले. आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडतात तशी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून बोधिसत्त्वाला भय आणि वैराग्य वाटले, असा त्याचा आशय आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. ‘बोधिसत्त्व’ हे त्यांचे नाटक याच विषयावर आहे. ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा नाकारून रोहिणीच्या पाण्याचा संघर्षच गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला. दोघांच्या मांडणीतले हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. बाबासाहेबांचा सिद्धार्थ शाक्यांच्या संघात उभा राहून युद्धाला विरोध करतो आणि त्याची शिक्षा म्हणून देश सोडतो.

लातूरच्या माणसाला हे सुत्त समजावून सांगावे लागत नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्यात रात्री दोन-दोन वाजता घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलींनी अत्तदंड सुत्त वाचलेले नव्हते, पण आटत्या पाण्यातले मासे त्यांनी पाहिले होते. हे श्रुतमय नव्हे, अंगावर आलेले ज्ञान होते. फक्त त्याला पुढची पायरी मिळायला हवी होती: हे पाणी का आटले, कोणत्या पिकाला किती गेले, कोणत्या वस्तीत टँकर शेवटी का आला? अनुभव विचारापर्यंत आणि विचार कृतीपर्यंत गेला नाही, तर पाऊस पडला की सगळे विसरले जाते. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हेच केले. तहानेचा, अपमानाचा रोजचा अनुभव त्यांनी विचारात बदलला आणि विचार पायांत आणला.

परळचा विहार आणि शेवटचे दिवस

धर्मानंद केवळ ग्रंथातले पंडित राहिले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले, त्यांना अटकही झाली. १९३५ साली ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ लिहून त्यांनी वैदिक काळापासूनच्या इतिहासाची परखड तपासणी केली. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभा राहिला. पैसा उद्योगपती जुगलकिशोर बिर्ला यांचा, कल्पना धर्मानंदांची. कामगारांना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना धम्म जवळून कळावा हा त्यांचा हेतू होता. दोन-तीन वर्षांतच ते तिथून बाहेर पडले.

या प्रयोगाकडे आज पाहताना आम्हाला त्याची मर्यादाही दिसते. दुसऱ्याच्या पैशावर उभा राहिलेला विहार आणि लोकांनी एकेक रुपया जमवून उभा केलेला विहार यांत फरक असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते कोणा पंडिताने दिलेल्या धम्मातून घडले नाही. लाखो लोकांनी स्वतःचा निर्णय स्वतः घेतला. धर्मानंदांनी मराठीत पुस्तकांची पेरणी केली. रान तयार केले ते बाबासाहेबांनी आणि आपल्या आजी-आजोबांनी.

त्यांच्या शेवटाविषयीही आमचे मन एका बाजूला झुकत नाही. उत्तरायुष्यात त्यांच्यावर जैन विचाराचा प्रभाव वाढला. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर निघाले. शरीर थकले होते, आजारपण होते. उपवास करून देह सोडायचे त्यांनी ठरवले. गांधीजींनी एकदा परावृत्त केले, तरी शेवटी सेवाग्रामला जून १९४७ मध्ये उपवासातच त्यांचा अंत झाला. कठोर तप सोडून मध्यम मार्ग दाखवणाऱ्या बुद्धाचा चरित्रकार असा गेला, हे आम्हाला पटत नाही. पण ज्यांना मानायचे त्यांचे सगळेच मानायचे, ही सवय आपल्या धम्माची नाही. तपासून घ्यावे, जे हिताचे ते ठेवावे.

आणि ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचा मुलगा दामोदर, म्हणजे डी. डी. कोसंबी, गणितज्ञ आणि इतिहासकार झाला. जुनी नाणी तोलून आणि पायी फिरून, दगड, देवळे, वाटा पाहून त्याने भारताचा इतिहास लिहिला. नात मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि त्यांनी आजोबांचे लेखन इंग्रजीत नेले. वाचायचे, तपासायचे आणि स्वतः जाऊन पाहायचे, ही घराण्यातली रीत तीन पिढ्या चालली.

आपल्यासाठी

बावरीनगर दाभडच्या धम्म परिषदेला दर वर्षी मराठवाड्यातून माणसे येतात. उदगीरलाही आता मोठा विहार झाला आहे. विहार वाढत आहेत ही चांगली गोष्ट. प्रश्न असा, की तिथे आपण कोणती प्रज्ञा वाढवतो? फक्त भाषणे ऐकली तर ती पहिल्या पायरीवर थांबते. फक्त वाद घातला तर दुसऱ्या. आणि ऐकणे-वाचणे टाकून केवळ डोळे मिटून बसलो, तर तिसरी पायरी चढल्याचा भास होतो, खाली मात्र जिना नसतो.

आमची सूचना साधी आहे. आपल्या गावच्या अभ्यासवर्गात ‘भगवान बुद्ध’ एकेक प्रकरण वाचा आणि त्याशेजारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ठेवा. दोन्ही कुठे जुळतात, कुठे वेगळे होतात, वहीत लिहा. धर्मानंदांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्रही मिळवा; नोकरीच्या परीक्षा देऊन थकलेल्या मुलांना त्यातल्या काशीच्या दिवसांतून बळ मिळेल. महिन्यातून एक दिवस वर्ग भिंतींच्या बाहेर घ्या. गोदावरीच्या काठी, मांजराच्या पात्रात, गावच्या आडावर बसा. अर्धा तास गप्प बसून पाहा. मग पाणी कुठून येते, कोणाकडे जाते, कोणाकडे जात नाही, याची नोंद करा. त्या नोंदी घेऊन ग्रामसभेत जा.

ध्यान करणारा मुलगा आणि मोर्चा काढणारी मुलगी त्या आडावर एकत्र बसली, तर आमच्या वर्गातला वाद मिटणार नाही, पण तो उपयोगाचा होईल. ऐकले, पारखले, स्वतः जाणले, आणि जे जाणले ते चार लोकांच्या हिताला लावले, इतके झाले तरी खूप झाले.

जय भीम, नमो बुद्धाय.